पाणपोईची टाकी

“तारेची घासणी या टाकीले लावायची नाही. मीठ तं मुळीच नाही. आन् पहिला गिलास घरच्यानं प्यायचा, मग लोकाइले द्यायचा.”

माझे यजमान दर चैत्रात ही तिन्ही वाक्यं त्याच क्रमानं म्हणायचे. मी ऐकायची आणि मान हलवायची. ते एका खाजगी डेअरीत फिटर होते. इकडे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्याच सुमारास ती डेअरी बंद पडली. यंत्रं भंगारात निघाली. दूध तापायला जाण्याआधी ज्या टाकीत थांबायचं, ती स्टीलची टाकी यांनी भंगारवाल्याकडून सोडवून आणली. तिला तीन पाय जोडले, खाली डेअरीतलीच तोटी बसवली, आणि अक्षय तृतीयेला तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, पाणपोई सुरू केली. ती तोटी उलटी उघडते. नवखा माणूस उघडायला जायचा आणि आणखीच घट्ट करत बसायचा. मग हे ओट्यावरून ओरडायचे, “उलटी, भैया, उलटी!”

शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, पाणपोई बंद पडू द्यायची नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर एकही उन्हाळा कोपरा कोरडा राहिला नाही.

मी स्वतः मात्र त्या टाकीचं पाणी पीत नाही. कुठलंच बाहेरचं पाणी पीत नाही. पहाटे अंघोळ करून स्वतः भरलेल्या तांब्याच्या कळशीतलंच पाणी प्यायचं, हा माझा नेम. लग्नाकार्यात गेले तरी तांब्या सोबत असतो. म्हणून हे गेल्यावर पहिला गिलास अभिनव प्यायचा. अभिनव माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. मला मोठी आई म्हणतो. शाळेत होता तेव्हा एका दमात गिलास रिकामा करून गल्लीकडे बघून ओरडायचा, “टंकी पास!” लोक हसायचे आणि रांग लावायचे. नोकरी लागली, नव्या रायपूरच्या कुठल्याशा ऑफिसात जाऊ लागला, तेलीबांध्याला फ्लॅट घेऊन राहू लागला, तरी अक्षय तृतीयेला यायचा.

यंदा चैत्र सरत आला तशी मी खालून किल्ली आणून जिन्याखालची कोठडी उघडली. टाकी नव्हती. धुळीत तीन पायांचे तीन स्वच्छ ठसे होते.

त्या कोठडीची किल्ली खाली माझ्या जावेकडे, प्रेमलाकडे असते. घर एक, मी वर, ती खाली. दीर फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून चार दिवस घरी.

“प्रेमला, जिन्याखालची टाकी कुठं गेली?”

“मले काय विचारता? मी काय टाकी डोक्यावर घेऊन फिरून राहिली?”

“किल्ली तुझ्याकडे असते.”

“असते नं. आन् घर दोघींचं आहे. टाकीबी दोघींचीच.”

एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. पुढचं ती दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. सकाळी पूजा संपेपर्यंत मी मौन पाळते, हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि बोलायचं जे असतं ते ती नेमकं तेव्हाच बोलते. हातात चहाचा कप घेऊन ती वर आली आणि देवघराच्या दाराशी टेकून उभी राहिली.

“अभिनवनं नेली. त्याच्या फ्लॅटवर. त्याच्या कामाची होती, म्हणून नेली. वर्षभर धूळ खात पडते, दोन महिने लोकं तिच्यातलं पाणी पितात आन् तोंड पुसून चालले जातात. पोट्ट्याले तिचा उपयोग झाला तं तुमच्या पोटात काहून दुखते?”

मी काही बोलणार नव्हतेच. ती तरी थांबली, एक घोट चहा प्यायली.

“आन् तुमच्या मागं त्या टाकीले पुसणार कोण आहे? अभिनवच नं? दुसरं कोण आहे तुमचं? मंग त्यानं आत्ताच नेली असं समजा.”

बेलाचं पान देठ तोडून वाहतात. मी ते देठासकट वाहिलं. प्रेमला खाली उतरली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज मोठा होता, मुद्दाम केलेला.

दुपारी मी सामानाचा छोटा हत्ती टेम्पो सांगितला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून तेलीबांध्याला गेले. ड्रायव्हर आणि त्याचा माणूस खाली सावलीत थांबले. बाहेर डांबर मऊ झालं होतं. अभिनवच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि थंडगार वारा अंगावर आला.

“मोठी आई! आप? फोन तो कर देतीं!”

आमचा अभिनव मराठी सगळं समजतो, बोलतो हिंदीत. लहानपणी तसं नव्हतं.

“टाकी न्यायले आली,” मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांवरून कळलं की त्याला आईनं आधीच फोन केला होता. तो दारातून बाजूला झाला नाही, म्हणून मीच त्याच्या शेजारून आत गेले. आतल्या खोलीत पलंग नव्हता, कपाट नव्हतं. एसी सुरू होता आणि कोपऱ्यात आमची टाकी उभी होती. आरशासारखी चकचकीत. झाकणाला मध्यभागी भोक पाडलं होतं, त्यातून एक नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडली होती. थोड्या थोड्या वेळानं बाटलीत बुडुक करून एक बुडबुडा यायचा. शेजारी भिंतीला एक मोठं स्टीलचं पातेलं, दुधाचे दोन जुने कॅन, तांब्याच्या नळीचं वेटोळं. सगळं भंगारातून गोळा केलेलं आणि सगळं घासूनपुसून लख्ख.

“यात काय आहे?”

“जौ का पानी है.”

“जवाच्या पाण्याले एसी लागते?”

तो हसला. लपवण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला वाटलं असावं. “अच्छा बाबा, बियर है. बेचता नहीं हूँ. शौक है, बस. जौ मँगवाता हूँ, उबालता हूँ, ठंडा करके इसमें डालता हूँ. फिर अपने आप बनती है.” मग त्यानं टाकीवर हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. “मोठे बाबा का वेल्डिंग देखो आप. अंदर हाथ डालो तो जोड़ पता नहीं चलता. कहीं गड्ढा नहीं. गंदगी को छुपने की जगह ही नहीं है. बाजार में लाखों दो, ऐसी टंकी नहीं मिलेगी.”

यांच्या हाताची इतकी स्तुती कुणी कधी केली नव्हती. ती मला त्या खोलीत ऐकायची नव्हती.

“अभिनव, अक्षय तृतीया आली.”

“उसके बाद ले जाना नं. अभी खोल दी तो पूरा माल खराब. दस-बारह दिन की बात है.”

“मंग तोवर कोपऱ्यावर काय ठेवू?”

“मटके रख दो. मैं दो मटके भेज देता हूँ, पक्का. और सच बोलूँ? अब पीता कौन है वहाँ? सबके हाथ में बोतल है.”

“रिक्षावाल्याच्या हातात नाही. कांताबाईच्या हातात नाही.” कांताबाई आमच्या कडुनिंबाखाली फुलं विकते.

“मोठी आई, प्लीज. प्रवचन मत दो. आपके यहाँ आना इसीलिए तो कम किया है.”

मी आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. “तू माझ्या दाराशी येऊन मागितली असती—”

“तो आप दे देतीं? बियर के लिए? हाँ बोलो!”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. काचेच्या दारामागं त्याची पाठ दिसत होती, आणि तिच्यामागं तलाव, उन्हानं पांढरा झालेला. बाटलीत एक बुडबुडा आला. मी खाली वाकले आणि तोटी उलटी फिरवली.

आधी फेस आला. मग गुळाच्या पाण्यासारखी धार. वास आला तो जिलबीच्या आंबवलेल्या पिठाचा, सकाळी हलवायाच्या दुकानासमोरून जाताना येतो तसा. मला वाटलं होतं मळमळेल. तसं काही झालं नाही. धार माझ्या चपलांखालून वाहत दाराकडे गेली आणि मी बाजूला झाले नाही.

“ये क्या—! बंद करो! बंद करो!”

तो धावत आला, घसरला, गुडघ्यावर पडला. तोटी धरली आणि घाबरून नेहमीच्या नळासारखी बंद करायला फिरवली, म्हणजे आणखी उघडली. बंद करायचं भान येईपर्यंत टाकीत तळाशी काय राहिलं असेल तेवढंच. तो तसाच ओल्यात बसून राहिला.

“पागल हो गई हो क्या आप?”

“खाली छोटा हत्ती उभा आहे. माणसं वर बोलावून घेतो का?”

“महीने भर की मेहनत थी मेरी.”

“टाकी माझी आहे.”

“टंकी मोठे बाबा की है!” तो असा ओरडला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो हळू बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “ले जाओ. लेकिन याद रखना, इस बार पहला गिलास मैं नहीं पीऊँगा. ढूँढ लेना किसी को. आपका तो कोई है नहीं.”

मुलगा आईचंच वाक्य घेऊन उभा होता. मी जिना उतरले.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. छोटा हत्ती गल्लीत शिरला तेव्हा प्रेमला ओट्यावर उभी होती, पदर खोचून.

“आली का सतीसावित्री! बघा हो, बघा! सकाळ-संध्याकाळ देव-देव करते आन् माझ्या पोट्ट्याची पुरी बियर सांडवून आली ही बाई! त्यानं महिनाभर राबून घरी बनवली होती—”

आणि मग आपण काय ओरडलो ते तिच्या ध्यानात आलं. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. पण समोरच्या गॅलरीत शेजारीण विनोदिनी वाळत घालायचे कपडे हातात घेऊन तशीच थांबली होती, कांताबाईनं हारातला दोरा दातांत धरून ठेवला होता, आणि छोट्या हत्तीचा ड्रायव्हर हसू दाबत होता.

“घरी बनवली?” विनोदिनीनं वरून विचारलं. “या टाकीत?”

प्रेमला आत गेली आणि दार लावलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, टाकी अंगणात नळापाशी ठेव.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं मला बघून हात जोडले. “काकी, इस बार ठंडी वाली मिलेगी क्या? हम तो सुबह से लाइन में लग जाएँगे.” बाकीचे हसले. विनोदिनी म्हणाली, “वहिनी, राग नका मानू, आमच्या घरचे म्हणून राहिले, यंदा पोरांना तिथलं पाणी देऊ नको.” ती राग नका मानू म्हणाली तेव्हाच मला कळलं की हे ती आणखी चार घरी म्हणून आली आहे.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि मी टाकीपाशी बसले. देवाची भांडी जशी घासते तशी घासायची ठरवली. चिंच भिजवली, मूठ मूठ मीठ टाकलं, आणि तारेची घासणी घेतली. हात टाकीच्या आत खांद्यापर्यंत जात होता. प्रेमलाचं तोंड घासत होते, अभिनवचं तोंड घासत होते, विनोदिनीची गॅलरी घासत होते. मी इतकी चिडलेय हे माझ्या हातांना कळत होतं, मला नव्हतं कळत. दुपारी दमले, तेव्हा चिंच-मिठाचा लेप आतून तसाच लावून ठेवला, रात्रभर राहू दे म्हटलं, आंबटपणाचा लवलेश उरायला नको. सकाळी धुतली, गंगाजल शिंपडलं, पाणी भरलं.

संध्याकाळी पाणी सोडून पांढरं फडकं आतून फिरवलं. ते विटकरी होऊन बाहेर आलं.

मी आत वाकून बघितलं. गुळगुळीत स्टीलवर तपकिरी ठिपके उठले होते, गोवर उठतो तसे. तारेचे ओरखडे जिथं होते तिथं रांगेनं, आणि यांनी जोडलेल्या पायांच्या सांध्यापाशी झुपकेच. मी पुन्हा घासणी उचलली. घासले तेव्हा ठिपके गेले, उन्हात ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट झाले. तरी मी टाकी पुन्हा भरली आणि कांताबाईला एक गिलास दिला. तिनं तो डोळ्यांपाशी धरला, उजेडात फिरवला, आणि तोंडाला न लावता कडुनिंबाच्या मुळाशी ओतला.

“दीदी, पहले दारू, अब जंग? रहन दे. मैं घर से बोतल ले आहूँ.”

ती रागावली नव्हती. तिनं गिलास विसळून परत दिला.

अक्षय तृतीया परवावर आली होती. गोलबाजारात पुतरा-पुतरीच्या, म्हणजे बाहुला-बाहुलीच्या, मातीच्या जोड्या विकायला आल्या होत्या, पोरी बाहुल्यांच्या लग्नाची तयारी करत होत्या. मी अंगणात बसून होते आणि यांचा आवाज कानात होता, तीन वाक्यं, त्याच क्रमानं. तारेची घासणी नाही. मीठ तं मुळीच नाही. दोन्ही गोष्टी मी एका दुपारी केल्या होत्या. तिसरी करायला माणूस उरला नव्हता.

मी खाली प्रेमलाच्या दारावर टकटक केली.

“अभिनवले फोन लावून देतेस?”

“हव का?” ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. “आता आठवला पोट्टा! तुमच्या फोनले काय झालं?”

“माझा तो उचलत नाही.”

“नाहीच उचलणार. मीबी नसता उचलला.” पण तिनं नंबर लावला, आणि फोन माझ्या हातात देऊन तिथंच उभी राहिली, एक शब्द सुटू नये म्हणून.

“बोलो मम्मी.”

“मी आहे.”

त्यानं फोन ठेवला नाही.

“टाकीले गंज चढला,” मी म्हटलं.

“तारेची घासणी लावली?” तो एकदम मराठीत बोलला. किती वर्षांनी, मला आठवत नाही.

“हव.”

“मीठ?”

“चिंच आन् मीठ. रातभर.”

“हे भगवान.” मग परत हिंदी. “मोठे बाबा ने दो ही तो बातें कही थीं टंकी के लिए.”

“तीन,” मी म्हटलं.

मग तो म्हणाला, “हाँ. तीन.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पिशवीत लिंबूसताचा पुडा होता, हिरव्या मऊ घासण्या, तोटीचे नवे रबर. माझ्याकडे न बघता त्यानं टाकी आडवी केली, आत टॉर्च मारला, दातांतून हवा सोडली. मी उभी होते. प्रेमला ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती. वाटाणे सोलायची तिला काही गरज नव्हती.

“ठीक हो जाएगी,” तो म्हणाला. “लेकिन शर्त है.”

“सांग.”

“कल पहला गिलास आप पियोगी.”

मी पदर सावरला.

“कोने पर, सबके सामने. इस टंकी से. घर में नहीं, पदर के पीछे नहीं.” आता त्यानं माझ्याकडे बघितलं. “मैं छोटा था तो लगता था, मोठी आई मेरा मान कर रही है. पहला गिलास मुझे! अब समझ में आता है.”

“काय समजलं तुले?”

“कि उस तोटी को सबका हाथ लगता है. रिक्षेवाले का, कांताबाई का, पता नहीं किस-किस का. पिलाने में पुण्य है. पीने में नहीं.”

“माझा नेम आहे, अभिनव. तो कोणाच्या विरुद्ध नाही.”

“तो टूटेगा तो किसी का क्या बिगड़ेगा?”

“माझं बिगडते.”

“मेरा भी बिगड़ा. पूरी टंकी भर.”

प्रेमलानं ओट्यावरून वाटाणा फेकला, तो अंगणात उसळत गेला. “तुळशीत ओतून चालणार नाही, आत्ताच सांगून ठेव. नाहीतं ही बाई काहीतरी शास्त्र काढंल आन् सुटंल.”

“तुम चुप रहो मम्मी. पूरे मोहल्ले में बियर-बियर किसने किया? मेरे ऑफिस तक में पूछा किसी ने.”

“मी का मुद्दाम केलं?”

“मुद्दाम किसी ने कुछ नहीं किया. सब अपने आप हो गया.” तो परत माझ्याकडे वळला. “बोलो. नहीं तो ये थैली उठाता हूँ और जाता हूँ. बाहर कोई पीने वाला भी नहीं है अब. आप नहीं पियोगी तो कौन पिएगा? मुझे बोलो, कौन?”

हेच मला तीन दिवस कळत होतं आणि मी कळू देत नव्हते. टाकी लख्ख झाली तरी विनोदिनीच्या घरचं कुणी येणार नव्हतं. कांताबाई बाटली आणणार होती. रिक्षावाले हसणार होते. पाणी भरलेली टाकी कडुनिंबाखाली दिवसभर उभी राहणार होती, आणि ती बंद पाणपोईच.

“पिईन,” मी म्हटलं.

“वादा?”

“पिईन म्हटलं नं.”

त्यानं पुडा फोडला.

गरम पाण्याच्या दोन बादल्या मी वरून आणून दिल्या. त्यानं लिंबूसत विरघळवलं, हिरव्या घासणीनं सगळं आतून पुसलं, एकाच दिशेनं, घाई न करता. माझे यजमान जसं पुसायचे तसंच. मग ते पाणी टाकीत भरून ठेवलं आणि आम्ही तिघं अंगणात बसलो. प्रेमलाचे वाटाणे संपले तरी ती सालं सोलत राहिली. तासाभरानं त्यानं पाणी सोडलं, स्वच्छ पाण्यानं तीनदा विसळली, उन्हात वाळवली. मी पांढरं फडकं आत फिरवलं. ते पांढरंच राहिलं.

त्यानं माझं बोट धरून आत, पायाच्या सांध्यापाशी टेकवलं. तिथं दोन बारीक खड्डे लागले, मोहरी मावेल एवढे.

“ये दो रह गए. ये अब नहीं जाएँगे. ये आपके हैं.”

झाकणावरचं भोक त्यानं स्टीलच्या बोल्टनं बंद केलं होतं. मावळतीला त्यानं रिक्षावाल्याला हाक मारून टाकी कोपऱ्यावर नेऊन ठेवली, नळाला पाइप जोडून भरली. रिक्षावाला विचारत होता, “भैया, ये वही है नं?” अभिनव म्हणाला, “वही है. कल सात बजे आ जाना. तमाशा है.”

जाताना मला म्हणाला, “सात बजे. मैं देखने आऊँगा.”

आज अक्षय तृतीया. पहाटे अंघोळ झाली, तांब्याची कळशी नेहमीसारखी भरली, नेहमीच्या जागी ठेवली. पूजा केली. उदककुंभावर आंबा ठेवला, यांच्या नावानं हात जोडले. मौन होतं, म्हणून जे सांगायचं ते देवाला मनातच सांगितलं, की आज नेम मोडणार आहे, तुझ्या कानावर असू दे. देवाकडून काही ऐकू आलं नाही. मी वाटही बघितली नाही.

मौन सोडायची वेळ झाली होती. मी ते सोडलं नाही. बोलले असते तर काहीतरी कारण बोलले असते.

खिडकीतून कोपरा दिसतो. कडुनिंबाखाली टाकी उभी होती, ऊन तिच्या खांद्यावर आलं होतं. कांताबाई फुलांची टोपली मांडत होती, शेजारी तिची बाटली. दोन रिक्षावाले हँडलवर कोपर टेकून. विनोदिनी गॅलरीत, हातात फोन तयार धरून. अभिनव मोटरसायकलला टेकून, हातांची घडी घालून. सगळे आमच्या दाराकडे बघत होते.

मी कळशीकडे हात नेला आणि मागं घेतला. फळीवरून यांचा स्टीलचा गिलास काढला, काठाला पोचा आलेला. विसळला.

प्रेमला जिन्यात मधल्या पायरीवर बसली होती, कप घेऊन, दोन्ही पाय आडवे पसरून.

“चालल्या का?” तिनं विचारलं. माझं तोंड बंद आहे हे तिला दिसत होतं. ती थांबली, रोज थांबते तशी. मग तिनं पाय आत ओढून घेतले.

गिलास पदराखाली झाकायला माझा हात आपोआप गेला होता. मी तो बाहेर काढला, आणि खालची पायरी उतरले.